वाढत्या अंगाचं बेट

आक्कांच्या होडीचं शीड शाळेच्या गणवेशांचं होतं. कॉलेजात हे मी सांगितलं की समोरची मुलगी दोनदा विचारायची, म्हणून इथे नीट सांगते. मूळ शीड पांढऱ्या मादरपाटाचं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं. ते जिथे विरलं तिथे आक्का दुकानात उरलेल्या कापडाचा तुकडा लावत गेल्या. त्या गणवेश शिवायच्या, त्यामुळे तुकडे सगळे गणवेशाचेच. खाकी, निळी चौकट, राखाडी, मरून. वर्षं गेली तशी ठिगळं ठिगळांना भिडली आणि मधला मादरपाट संपला. मी राहायला गेले तेव्हा पांढरा भाग टीचभर उरला होता, आणि तोही कुठल्याशा शाळेच्या शर्टाचा आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

ते शीड खाडीतून चाललं की धक्क्यावरची पोरं ओरडायची.

"ती बग, ती आपली पँट!"

"तुजी नाय मेल्या, ती आमची. तुजी खाली, भोकाजवल."

सुकाणूवरून आक्का ओरडायच्या, "भोक नाय तां! काज हाय!"

आणि ते खरंच काज होतं. दोरी ओवायच्या प्रत्येक भोकाला त्यांनी शर्टाच्या काजासारखी हातशिलाई घातली होती.

मी संगमेश्वराकडच्या आतल्या गावातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील मुंबईत कामाला, आई शेतात. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही बाई पाण्याजवळ जाऊ देत नव्हत्या. रत्नागिरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्यावर ओळखीतून आक्कांची माडी मिळाली. शहराच्या जरा आत, खाडीच्या काठावर घर. खाली गणवेशांचं दुकान, मागच्या दारी चार दगडी पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीला होडी बांधलेली.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. गळ्यातली टेप काढली आणि माझ्या खांद्याला लावली. खांदा, छाती, उंची, बाही. मग खाली बसून पायाचं माप घेतलं.

"पाय कशाला?"

"पायावरना कळतां, अजून किती वाडणार तां."

"आक्का, मी अठरा वर्षांची आहे."

"मंग?" असं म्हणून त्यांनी ते वहीत लिहिलं. महिन्याभरात मला एक कुडता मिळाला. तो दोन बोटं सैल होता आणि खाली आत दुमडलेलं वीतभर कापड होतं.

ही त्यांची कामाची पद्धत होती. गणवेश जूनमध्ये शिवायचा आणि तो पोराला पुढच्या जूनपर्यंत, जमल्यास त्याच्या पुढच्या जूनपर्यंत यायला हवा. म्हणून माप घेताना त्या आहे तो आकडा लिहीतच नसत. पोराकडे बघायच्या, पायांकडे बघायच्या, आईबाप सोबत असतील तर त्यांच्या उंचीकडे बघायच्या, आणि टेपवर चोवीस दिसत असले तरी पंचवीस किंवा साडेपंचवीस लिहायच्या. याला त्या 'वाडत्या अंगाचा' म्हणायच्या. किती वाढवायचं याचा नियम नव्हता. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. चुकलाच तर त्या पोरालाच बोल लावत. "खायत नाय काय तू?" असं दुकानात, सगळ्यांसमोर.

एप्रिलपासून पावसाळा लागून शाळा सुरळीत होईपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. पण दिवाळी झाली की दुकानाला दुपारपर्यंत कुलूप आणि आक्का पाण्यावर. पन्नाशीच्या पुढची बाई, साडीचा ओचा खोचलेला, गळ्यात टेप, एकटी शिडाच्या होडीत. इंजिन त्यांनी लावून घेतलं नव्हतं. वाडीतल्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तुजी मालकीण गेली काय गो कापड वाळवायला?"

आक्कांचे वडील तांडेल होते. कौलं आणि मीठ नेणाऱ्या गलबतावर. मुलगे त्यांच्याबरोबर दर्यावर गेले आणि मुलीला शिवणयंत्र मिळालं. पुढे भाऊ मुंबईला गेले, वडील वारले, छोटी होडी मागच्या दारी कुजायला लागली. आक्कांनी ती दुरुस्त करून घेतली. चालवायला कोणी शिकवलं असं विचारलं तर म्हणायच्या, "खिडकीतना बगत व्हते मी. येवडी वर्सां."

त्या कुठे जायच्या? धक्के आणि बेटं बघायला. दुसरं काही कारण नव्हतं. मासे धरायचे नाहीत, माल न्यायचा नाही. पूर्णगड, काळबादेवी, हवा धरून असेल तर दुकान दोन दिवस बंद ठेवून थेट जयगड. प्रत्येक ठिकाणी उतरून त्या माप घ्यायच्या. पायरीची उंची, धक्क्याची रुंदी, दोरी बांधायच्या खुंटाचा घेर. आणि कपड्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. एका नव्या धक्क्याचे खांदे उतरलेले होते. एकाची पाठ नीट बसली नव्हती. जयगडचं मोठं मालवाहू बंदर त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "ता शिवलेला नाय. नुसता तंबू मारलान हाय." वेळणेश्वरला धक्का नाही, म्हणून त्यांनी देवळाबाहेरच्या पायरीचं माप घेतलं आणि परत आल्या. हर्णैचं पान वहीत काढलेलं होतं, पण कोरं.

वही तीच, पोरांच्या मापांची. एका पानावर पाचवीतला कोणी, पुढच्या पानावर एखादं बेट. रकाने छापलेले असल्यामुळे बेटालाही छाती, कंबर आणि घेर होता.

आमच्या घरापासून खाडीच्या तोंडाकडे जाताना एक छोटं बेट लागतं. नऊ वर्षांपूर्वी त्याचं उद्यान झालं. म्हणजे एक फलक, दोन झोपाळे, एक सिमेंटची घसरगुंडी आणि एक सिमेंटचं बाक. तिथे जायला होडी कुठून मिळेल याचा विचार कोणी केला नव्हता, त्यामुळे उद्यानात माणूस नसायचा. आक्का महिन्यातून एकदा तरी जायच्या. शिवणयंत्राच्या तेलाची बुधली बरोबर न्यायच्या, झोपाळ्यांच्या कड्यांना तेल घालायच्या, पाच मिनिटं झोका घ्यायच्या आणि मग मापं. बाक होण्याआधी तिथे काय करायचात असं मी विचारलं होतं.

"बगायची नुसती. माप घ्यायला खांदा लागतो गो. बाक इला, तेव्हा बेटाला खांदा इला."

पहिल्यांदा त्या मला घेऊन गेल्या तेव्हा मी फळी दोन्ही हातांनी धरून बसले होते. खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा, हा प्रश्न मी शाळेत तीनदा लिहिला होता आणि पूर्ण गुण घेतले होते. सकाळी जमिनीकडून आलेल्या वाऱ्याने होडी आपोआप समुद्राकडे सरकायला लागली तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलं. आक्का म्हणाल्या, "मतलय हाय. दुपारी खारा सुटंल, तो घरी आणून सोडंल." उत्तरातला तो फरक माझ्या कानाच्या मागे लागत होता. मला उगाच लाज वाटली.

तिसऱ्या वर्षी भूगोलाच्या प्रकल्पाला विषय निवडायचा होता. मी त्या बेटाचा निवडला. 'गाळामुळे होणारा एका खाडीबेटाचा विस्तार'. माझ्याकडे आठ वर्षांची मापं आयती होती. बाकापासून चिपीच्या शेवटच्या रोपापर्यंत किती अंतर, हे आक्कांनी दर वर्षी लिहिलं होतं. चिपी म्हणजे खाडीच्या चिखलात उगवणारं झाड; जिथे गाळ साचतो तिथे तिची रोपं पुढे सरकतात. मी सगळे आकडे उतरवून घेतले, आलेख काढला. रेषा सुंदर वर चढत होती. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं असं मला वाटलं.

आमचे सर देशावरचे, शांत बोलणारे. त्यांनी आलेख बघितला आणि बराच वेळ तक्ता वाचत राहिले.

"ही मापं कुणी घेतली?"

"माझ्या घरमालकीणबाईंनी, सर."

"त्या काय करतात?"

"गणवेश शिवतात."

सर हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीने एका ओळीवर खूण केली. "बाक आणि घसरगुंडी यांच्यातलं अंतर. आधी वीस फूट, मग एकवीस, मग साडेएकवीस. दोन्ही सिमेंटची आहेत ना?"

"हो, सर."

"मग सिमेंट वाढतं का?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. सर म्हणाले, "तुम्ही मनाने आकडे घातलेत असं मी म्हणत नाही. पण दुसरा कोणी म्हणेल. शनिवारपर्यंत स्वतः मोजून आणा. नाहीतर मला सही करता येणार नाही."

सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्ष गेलं असतं. आणि आमच्याकडे वर्ष जाणं म्हणजे एक वर्ष जाणं नव्हे. माझे चुलते मला कॉलेजात घालतानाच वडिलांना म्हणाले होते, "एकदा नापास झाली की गुपचूप घरी आणायची." वडिलांनी तेव्हा मान डोलावली होती.

आक्कांना मी एवढंच सांगितलं की पुन्हा मोजायचंय, सुकतीला, पाणी कमी असताना. सिमेंटचं सांगितलं नाही. मला भीती वाटली की त्यांना वाईट वाटेल. त्यांनी भिंतीवरच्या कालदर्शिकेकडे पाहिलं.

"बुधवारी अष्टमी. आठ पावणे सा. सकाळी साला भरती भरंल, बाराला सुकती. भांग हाय, पानी लय खाली जायचा नाय. चल."

तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे मला त्यांच्याकडूनच कळलं होतं. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मवाळ भरतीओहोटी, हेही. एरवी त्या खाडी भरलेली असताना बेटावर जायच्या. पण भांगाचं पाणी, आणि बेटाजवळच्या गल्लीची, म्हणजे होडी जायच्या अरुंद पाणवाटेची, खोली वहीत तीन फूट. आमच्या होडीला दोन फूटही पुरे. त्या निर्धास्त होत्या.

साडेदहाच्या सुमारास होडी थांबली. आवाज नाही, धक्का नाही. शीड फुगलेलं आणि होडी जागच्या जागी. आक्कांनी वल्हं उभं खाली घातलं. ते अर्धंसुद्धा बुडालं नाही.

"वयीत तीन हाय," त्या म्हणाल्या. पाण्यानेच वही वाचायला हवी होती अशा आवाजात.

पाणी आणखी उतरत होतं, त्यामुळे ढकलण्यात अर्थ नव्हता. आता दुपारी भरती लागून पाणी परत येईपर्यंत होडी तिथेच. आम्ही उतरलो. चिखल गुडघ्यापर्यंत. आक्कांनी टेप आणि तेलाची बुधली डोक्यावर धरली होती, मी कागद. बेटावर पोचल्यावर त्यांनी आधी झोपाळ्यांना तेल घातलं. मग आम्ही मोजायला घेतलं. साठ इंची टेपने खुणा करून घेतलेली दोरी त्यांनी बाकापाशी धरली आणि मी दुसरं टोक घेऊन चिपीच्या शेवटच्या रोपापर्यंत गेले.

"एकतीस फूट!" मी ओरडले.

परत आले तर त्यांनी वहीत तेहेतीस लिहिलं होतं.

"आक्का, मी एकतीस म्हटलं."

"व्हय. आयकला मी."

"मग तेहेतीस?"

"वाडत्या अंगाचा," त्या म्हणाल्या. मी असं का विचारते आहे हेच त्यांना कळेना. "रोपां बगितलीस ना किती हायत ती? पुडच्या वर्साला तेहेतीस व्हनार तां."

मी वहीतली बेटाची मागची पानं चाळली. मग विचारलं, "आठही वर्षं असंच?"

"असाच म्हंजे? सगळीकडे नाय. कातळाच्या अंगाला नाय वाडवला. कातळ काय वाडतां?"

"आणि घसरगुंडी?"

त्यांनी घसरगुंडीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "हात गेला," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि गल्लीची खोली?"

आक्कांनी वळून होडीकडे पाहिलं. ती आता पूर्ण चिखलात, एका कुशीवर कलंडली होती, आणि गणवेशांचं शीड सैल लोंबत होतं. "ता पन हात गेला असंल."

बेट वाढत होतं म्हणजे तिथे गाळ येत होता, आणि गाळ येत होता म्हणजे गल्ली उथळ होत होती. त्यांनी दोन्हींना सारखंच वाढत्या अंगाचं धरलं होतं.

मी कुठे किती वाढवलं असं विचारलं. त्यांना सांगता येईना. तेव्हा बघून ठरवलं, म्हणाल्या. पोराकडे बघून ठरवतात तसं. म्हणजे कातळाची बाजू सोडली तर वहीत बेटाचं एकही खरं माप नव्हतं. आठ वर्षांचे आठ अंदाज होते, आणि ते मी आलेखावर चढवले होते.

झोपाळे दोनच होते. एकावर मी बसले, एकावर त्या. तेल घातल्यामुळे आवाज येत नव्हता. मग त्याच म्हणाल्या, "सगळ्यातना दोन दोन वजा करून टाक. कोन बगतां?"

खरं सांगायचं तर तोच विचार मीही करत होते. दोन वजा केले असते, घसरगुंडीची ओळ काढून टाकली असती, तर रेषा तशीच वर चढली असती. सरांनी सही केली असती. माझं वर्ष वाचलं असतं, आणि आक्कांची आठ वर्षंही कुठेतरी छापून राहिली असती. मी कागदावर दोन-तीन वजाबाक्या करूनही बघितल्या. कुठे दीड, कुठे तीन वजा केले की एका वर्षी बेट मागे सरकत होतं.

"आक्का, माप न घेता तुम्ही कधी काही शिवलंत का?" मी विचारलं. मला काय म्हणायचं होतं ते मलाच नीट माहीत नव्हतं.

"एकदा," त्या म्हणाल्या. "पयलाच सदरा. भावाचा. बापाबरोबर पयल्यांदा गलबतावर जायचा व्हता, तर माप द्यायला थांबतोय कशाला! मी आपला आटवून शिवला. सा म्हयन्यान इला नि घातलान, तर बगलेत फाटला. माज्यापेक्षा वीतभर उंच झालेला." त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. "तेव्हापासना मी कमी धरत नाय."

मग त्या उठल्या आणि दोरीचं टोक माझ्यापुढे धरलं. "चल. आज काय हाय तां ल्ही. मी वयी उगडत नाय."

आम्ही पहिल्यापासून सगळं मोजलं. बाक ते चिपी एकतीस. बाक ते घसरगुंडी साडेएकोणीस. गल्लीच्या सगळ्यात खोल जागी, ऐन सुकतीला, सव्वा फूट. प्रत्येक आकडा मी मोठ्याने म्हणायची आणि आक्का तोंड मिटून उभ्या राहायच्या. दोनदा त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. दुपारी पाणी आलं, होडी उभी राहिली, खारा वारा सुटला आणि त्याने आम्हाला घरी आणून सोडलं. वाटेत एका धक्क्यावरून पोरं पँटीवरून ओरडली. आक्कांनी उत्तर दिलं नाही.

शनिवारी मी सरांना आलेख नसलेला प्रकल्प दिला. एका दिवसाची मापं, नकाशा, आणि शेवटी एक पान, ज्यात जुन्या आकड्यांचं काय झालं ते जसं होतं तसं लिहिलं होतं. सरांनी ते पान दोनदा वाचलं. 'वाढत्या अंगाचं' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली, पण ती चूक दाखवायला होती की आवडलं म्हणून, हे मला कळलं नाही.

"एका दिवसाच्या मापावरून विस्तार कसा दाखवणार?"

"नाही दाखवता येणार, सर."

"मग शीर्षकातला 'विस्तार' खोडा."

मी तिथेच खोडला. त्यांनी सही केली. गुण बेताचेच पडले, पण मी परीक्षेला बसले आणि पास झाले. चुलते निकाल ऐकून म्हणाले, "बरं झालं." वडिलांनी मुंबईहून फोन करून बेट म्हणजे नक्की कुठलं ते विचारलं.

सही झाली त्या दिवशी संध्याकाळी मी आक्कांना सांगायला दुकानात गेले. आठ वर्षांतलं एकही माप प्रकल्पात घेतलं नाही, हेही सांगितलं. यंत्र थांबलं.

"पास होशील ना?"

"होईन."

"मंग झाला." यंत्र परत सुरू झालं. त्यांच्या गळ्यात टेप नव्हती. ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर गुंडाळून ठेवली होती. तीन वर्षांत मी त्यांचा गळा पहिल्यांदाच मोकळा पाहिला. दोन दिवसांनी टेप पुन्हा गळ्यात आली.

आता मी एम.ए.ला कोल्हापुरात असते. या वर्षी फेब्रुवारीत अष्टमी बघून सुट्टी काढली आणि आक्कांकडे गेले. या मापाला आता कोणी गुण देणार नव्हतं, पण मला ते हवं होतं. अंगात तोच कुडता होता. आक्कांनी दारातच त्याची खालची दुमड उलटून बघितली आणि परत नीट आत घातली. या वेळी आम्ही गल्लीत शिरलोच नाही. होडी लांब खोल पाण्यात नांगरली आणि चिखलातून चालत गेलो. झोपाळ्यांना तेल झालं. आक्का दोरी घेऊन बाकापाशी उभ्या राहिल्या, मी चिपीकडे गेले. शेवटचं रोप टाचेएवढं होतं, दोन पानांचं.

"बत्तीस!" मी ओरडले.

परत आले. वहीचं पान उघडं होतं. गेल्या वर्षीचे त्यांचे तेहेतीस तसेच होते, न खोडलेले, आणि शेजारी कधीतरी माझ्या कागदावरून उतरवलेले एकतीस. त्याखाली त्यांनी माझ्यादेखत आजचा आकडा लिहिला. बत्तीस. हात जरा थांबला, पण पुढे काही लिहिलं नाही.

मग त्यांनी बत्तीसवर बोट ठेवलं, ते तेहेतीसपर्यंत नेलं, आणि पाण्याच्या कडेला उगवलेल्या रोपांकडे डोळे बारीक करून बघितलं.

"अजून आत कापड हाय," त्या म्हणाल्या.